मण्यार, मामा आणि आईच्या पापण्या

ज्यांना हेडफोन लावून पूर्ण भाग ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलताना झालेले माझे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' तेवढे कमी केलेत. बाकी सगळं तसंच आहे.

जुन्नर म्हटलं की लोकांना काय आठवतं? शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री. आणि गेली काही वर्षं, उसातला बिबट्या. इतिहासावर बोलायचं तर या भागात विषयाला तोटा नाही. पण आज मी किल्ल्यावर जाणार नाही आणि लेणीतही जाणार नाही. आज एका सापाचा इतिहास सांगणार आहे. खरं तर त्या सापाच्या विषामुळे माणसाच्या नसा आणि मेंदू कसे काम करतात हे कसं कळलं, त्याचा इतिहास. आणि तो माझ्या घरापर्यंत दोनदा कसा आला, ते.

मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यामुळे हे सगळं एका इंजिनिअरने समजून घेतलेलं आहे, हे धरून ऐका.

२००६ चा पावसाळा

आमचं घर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडे. माझं आजोळ जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. २००६ साली मी नऊ वर्षांचा होतो आणि पावसाळ्यात आजोळी होतो. मधला मामा कांद्याच्या चाळीवर लक्ष ठेवायला म्हणून पडवीत झोपायचा. खाली गोधडी, उशाला बॅटरी, संपलं.

पहाटे चारच्या सुमाराला तो पोट धरून उठला. पोटात मुरडा मारतोय म्हणाला. आजीने ओवा दिला. अर्ध्या तासाने म्हणाला, "माझं डोळं उघडंना." पापण्या खाली पडत होत्या, तो बोटांनी वर करून बघत होता. बोलणं जड झालं होतं. शेजारचा एक जण हसून म्हणाला, "काय रं, रात्री जास्त झाली व्हय?" मामा दारूला शिवत नाही. पण तेव्हा त्याला नीट बोलताच येत नव्हतं, तर सांगणार काय!

मग कुणीतरी देवऋषाचं नाव काढलं. तिथे दीड तास गेला. हा दीड तास आमच्या घरात आजही कुणी मोठ्याने काढत नाही.

शेवटी गल्लीतल्या शाळेच्या गुरुजींनी बघितलं आणि एका वाक्यात सांगितलं, "अहो, मण्यार आहे ही. झोपेत चावते, कळत पण नाही. गाडी काढा." अंगावर खूण शोधली तर धड सापडेना. मण्यारीचे दात बारीक. ना सूज, ना वेदना. म्हणून तर घात होतो.

जीप काढली. वाटेतल्या एका छोट्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत मामाचा श्वास उथळ झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी सर्पविषाची लस, म्हणजे अँटिव्हेनम सुरू केलं, घशात नळी घातली आणि थोरल्या मामाच्या हातात रबरी फुगा दिला. त्याला अंबू बॅग म्हणतात. "दाबायची, सोडायची. पुण्याच्या रस्त्याला लागलात तरी थांबायचं नाही." थोरला मामा एक तासाहून जास्त वेळ तो फुगा दाबत होता. त्या दिवसापर्यंत त्याने फार फार तर फवारणीचा पंप दाबला होता.

मोठ्या हॉस्पिटलात मामाला व्हेंटिलेटरवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी परिस्थिती अशी की हात हलेना, पाय हलेना, पापणी हलेना. डोळ्यावर बॅटरी मारली तरी बाहुली लहान होईना. भेटायला आलेल्यांपैकी एकाने जाहीर करून टाकलं, "मेंदू गेलाय, आता मशीन श्वास घेतंय नुसतं." घरात पुढची तयारी कुजबुजत सुरू झाली. तिथले डॉक्टर मात्र म्हणाले, थांबा. मण्यारीच्या पेशंटचं असं दिसतं, पण तसं असतंच असं नाही.

सहाव्या दिवशी उजव्या हाताचं बोट हललं. पंधराव्या दिवशी मामा घरी आला.

आणि घरी आल्यावर त्याने सांगितलेली गोष्ट मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही माझ्या बैलजोडीचं काय करायचं ते बोलत होता, ते पण." सगळे हसले. आजी नाही हसली.

ही नुसती गावगप्पा नाही बरं का. मण्यारीच्या विषाने माणूस अगदी मेंदू मृत झाल्यासारखा दिसू शकतो आणि तरी पूर्ण बरा होऊ शकतो, हे डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांमध्ये पुन्हा पुन्हा नोंदवलेलं आहे. मेंदू शाबूत असतो. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नसतो.

२०२३ : पुन्हा पापण्या

आता सतरा वर्षं पुढे या. २०२३, पुन्हा पावसाळाच. संध्याकाळी घरून बाबांचा फोन. "आईची पापणी पडलीय. घास गिळताना ठसका लागतोय." मी पुण्यात. माझ्या डोळ्यांसमोर डायरेक्ट मामा आला. बाबांनीही काही विचार केला नाही. देवऋषी नाही, ओवा नाही. गाडीत घातलं आणि वीस मिनिटांत तालुक्यातलं हॉस्पिटल. आमच्या घराने दीड तासाची किंमत एकदा मोजलेली होती.

तिथल्या डॉक्टरांनी निरीक्षणाखाली ठेवलं, रक्त तपासलं, रात्रभर बघितलं. साप असता तर वाढत गेलं असतं. इथे उलटंच झालं. सकाळी आई उठली तर पापणी जवळजवळ नीट! दुपारनंतर पुन्हा खाली. मग डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या, दोन्ही बिनपैशाच्या.

पहिली : बर्फाची पिशवी दोन मिनिटं तिच्या डोळ्यावर धरली. काढली तर पापणी वर!

दुसरी : मला म्हणाले, "मोबाईलमध्ये आईचे जुने फोटो असतील ना, दाखव." मी गॅलरी मागे सरकवत गेलो. जानेवारीतलं हळदीकुंकू, मार्चमधलं लग्न, मे महिन्यातला आंबे उतरवतानाचा सेल्फी. प्रत्येक संध्याकाळच्या फोटोत डावी पापणी थोडी थोडी खाली. सहा महिने ते माझ्याच फोनमध्ये होतं आणि मी बघितलं नव्हतं. आई "संध्याकाळी फार दमायला होतं रे" म्हणायची तेव्हा मी "अगं, वय झालं" म्हणायचो. वय पन्नास!

पुण्यात न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. रक्ताची एक तपासणी केली. आठवड्याने रिपोर्ट आला. आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस.

मी इंजिनिअर माणूस. रिपोर्ट आला की आधी ती तपासणी चालते कशी हे शोधतो. रात्री एक वाजता वाचत बसलो होतो आणि एका शब्दावर थांबलो. ही तपासणी मुळात ज्या पद्धतीने तयार झाली, त्यात एक पदार्थ वापरतात : अल्फा-बंगारोटॉक्सिन. बंगारस म्हणजे मण्यारीचं शास्त्रीय कुळनाम. तेही एका तेलुगू नावावरून आलेलं. म्हणजे माझ्या आईचा आजार ज्या तपासणीने पकडला, ती उभी राहिली मण्यारीच्या विषावर. ज्या विषाने मामा जवळजवळ गेला होता.

हे कसं काय झालं? तर तोच आजचा इतिहास.

फट

आधी थोडं तंत्र. मेंदूतून निघालेला आदेश नसेतून विजेसारखा धावतो. पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये एक फट असते, केसाच्या जाडीचा हजारावा भाग असेल नसेल. वीज ती फट ओलांडत नाही. नसेच्या टोकाला पुड्या बांधून ठेवल्यासारखं एक रसायन असतं, ॲसिटिलकोलीन. आदेश आला की पुड्या फुटतात, रसायन फटीत सुटतं आणि पलीकडे स्नायूवर ते पकडणारे रिसेप्टर असतात. त्यांनी पकडलं की स्नायू आवळतो. काम झालं की एक एन्झाइम उरलेलं रसायन साफ करून टाकतं.

आमच्या भागातल्या लोकांना हे समजवायला मी खोडदचं उदाहरण देतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे ना, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश? आकाशातून सिग्नल येतोय, डिश पकडतायत. आता समजा रात्रीत कुणी वीस डिशवर ताडपत्री टाकली. सिग्नल तेवढाच येतोय, पण पकडणारं कुणी नाही. मायस्थेनिया म्हणजे हे. नाग चावला तरी साधारण हेच, नागाचं विष रिसेप्टरवर जाऊन बसतं. मण्यार त्याहून वाईट. ती डिशवर ताडपत्री तर टाकतेच, शिवाय सिग्नल सोडणारी बाजूही मोडते. नसेची टोकंच निकामी होतात. ती पुन्हा वाढायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून मण्यारीच्या पेशंटला नुसतं इंजेक्शन पुरत नाही, तोवर श्वास चालू ठेवावा लागतो. थोरला मामा फुगा दाबत होता तो याच्यासाठी.

जाता जाता सांगतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली होती. श्वास बंद पडलेल्या पेशंटसाठी पुरेशी मशिनं नव्हती, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून हाताने असेच फुगे दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून मानतात. आमच्या थोरल्या मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दीड हजार होते ना? मी एकटाच होतो."

गरिबांच्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण

संध्याकाळी दमणारा हा आजार नवा नाही. १६७२ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने एका बाईचं वर्णन केलंय, जी सकाळी बोलायची आणि बोलता बोलता तिची वाचाच बंद पडायची. पण पुढची अडीचशेहून जास्त वर्षं उपाय काहीच नव्हता.

दुसरीकडे विषाचा अभ्यास चालू होता. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला क्युरारे नावाचं विष लावायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून दाखवलं की हे विष नसेला मारत नाही, स्नायूलाही मारत नाही. ते दोघांच्या मधे घोळ घालतं. १८७० च्या दशकात जोसेफ फेअरर आणि लॉडर ब्रंटन यांनी भारतातल्या नागाच्या विषावर काम केलं आणि त्यांना ते क्युरारेसारखंच वाटलं. हे फेअरर म्हणजे कलकत्त्यात सर्जन होते, भारतातल्या विषारी सापांवर त्यांनी १८७२ मध्ये जाडजूड सचित्र ग्रंथ काढला होता.

हे धागे जुळवले मेरी वॉकर यांनी. त्या कुठल्या नामांकित विद्यापीठात नव्हत्या. लंडनजवळ ग्रिनिचला सेंट अल्फेज नावाचं गोरगरिबांचं हॉस्पिटल होतं, तिथे सहायक डॉक्टर होत्या. त्यांच्याकडे मायस्थेनियाची एक पेशंट होती. हिची लक्षणं क्युरारेच्या विषबाधेसारखी आहेत, असं बोलणं एका न्यूरॉलॉजिस्टबरोबर झालं. वॉकरबाईंनी सरळ विचार केला : मग क्युरारेवरचा उतारा हिला दिला तर? तो उतारा होता फायसोस्टिग्मीन, आफ्रिकेतल्या एका विषारी शेंगेतून निघणारं औषध. दिलं. थोड्या वेळात बाईची पापणी वर आली. १९३४ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

हे औषध करतं काय? फटीतलं रसायन साफ करणाऱ्या एन्झाइमला थांबवतं. डिश कमी आहेत ना, मग सिग्नल जास्त वेळ राहू दे. बर्फाचंही तसंच, गारव्याने ते एन्झाइम मंदावतं. माझी आई आज रोज ज्या गोळ्या घेते, पायरिडोस्टिग्मीन, त्या याच खानदानातल्या. आणि नाग चावल्यावर आपल्याकडे निओस्टिग्मीनचं इंजेक्शन देतात, तेही याच खानदानातलं. मण्यारीत ते फारसं चालत नाही. का, ते आता तुम्हाला कळलं असेल. सिग्नल सोडणारी बाजूच मोडली असेल तर जास्त वेळ टिकवणार काय?

तैवानची मण्यार आणि विजेचा मासा

वॉकरबाईंनी उपाय दिला, पण आजार होतो का, हे कुणालाच माहीत नव्हतं. नसेकडून रसायन कमी सुटतं की स्नायूचा रिसेप्टर बिघडतो? रिसेप्टर तर तेव्हा कुणी पाहिलाच नव्हता. तो असणार, एवढं अनुमान होतं.

१९६३ मध्ये तैवानमध्ये चांग आणि ली या दोन शास्त्रज्ञांनी तिथल्या मण्यारीचं विष वेगवेगळं करून बघितलं. ती आपल्या मण्यारीची चुलत बहीण म्हणा. त्यातला एक भाग स्नायूच्या रिसेप्टरला चिकटायचा आणि सुटायचाच नाही. हे अल्फा-बंगारोटॉक्सिन. दुसरा भाग नसेच्या टोकावर जायचा, तो बीटा.

आता इंजिनिअरच्या डोक्याने बघा. एखादी गोष्ट दिसत नाही, पण तिला आणि फक्त तिलाच घट्ट चिकटणारा स्टिकर तुम्हाला मिळाला. स्टिकरला किरणोत्सर्गी खूण लावा, आणि मोजा. जिथे खूण, तिथे रिसेप्टर! १९७० मध्ये पॅरिसच्या ज्याँ-पिएर शाँज्यो यांनी ली यांच्याबरोबर हेच विष वापरून विजेचा झटका देणाऱ्या ईल माशातून हा रिसेप्टर ओळखला. ईलच का? कारण त्याच्या वीज तयार करणाऱ्या अवयवात हे रिसेप्टर खच्चून भरलेले असतात. नसांचा निरोप पकडणारी वस्तू माणसाच्या हातात पहिल्यांदा आली ती अशी.

१९७३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. कॅलिफोर्नियात जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी ईलचा रिसेप्टर सशांना टोचला, त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हाव्यात म्हणून. अँटिबॉडी झाल्याच, पण ससे लुळे पडायला लागले. एन्झाइम थांबवणारं औषध दिलं की उठायचे. हे तर हुबेहूब मायस्थेनिया! त्याच वर्षी फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी पेशंटच्या स्नायूचे तुकडे घेऊन, खूण लावलेलं मण्यारीचं विष वापरून रिसेप्टर मोजले. निरोगी माणसाच्या मानाने ते कितीतरी कमी भरले.

कोडं सुटलं. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा आपल्याच रिसेप्टरवर अँटिबॉडी सोडत होती. ताडपत्री बाहेरून कुणी टाकत नव्हतं, घरातलंच कुणी टाकत होतं. १९७६ मध्ये लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी या अँटिबॉडी रक्तात शोधण्याची तपासणी दिली. आईचा रिपोर्ट तो हाच.

आणि एकदा कारण कळलं की उपायांची रांग लागते. अँटिबॉडी कमी करणारी स्टेरॉइडं, रक्तातला प्लाझ्मा बदलणं, छातीतली थायमस ग्रंथी काढणं. थायमसची शस्त्रक्रिया आधीपासून करत होते, ती खरंच उपयोगी पडते हे २०१६ मध्ये मोठ्या चाचणीतून पक्कं झालं. २०२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत एफ्गार्टिजिमॉड नावाच्या औषधाला परवानगी मिळाली. शरीर जुन्या अँटिबॉडी मोडीत न काढता पुन्हा वापरत असतं, ते रिसायकलिंगच हे औषध बंद करतं. महाग आहे, आमच्या आवाक्यातलं नाही. आईचं सध्या गोळ्यांवर चांगलं चाललंय.

एक स्पष्ट सांगतो, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. विष हे मायस्थेनियाचं औषध नाही. कुणी विषाचे थेंब विकत असेल तर लांब राहा. विष इथे औषध म्हणून नाही, बॅटरी म्हणून उपयोगी पडलं. अंधारात काय आहे ते त्याने दाखवलं.

मग मेंदूचं काय?

तुम्ही म्हणाल, हे तर स्नायूचं झालं. मेंदू कुठाय? तर एकदा कळलं की शरीर स्वतःच्याच रिसेप्टरवर हल्ला करू शकतं, मग प्रश्न आला की मेंदूतल्या रिसेप्टरवरही करत असेल का?

२००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी बारा बायकांबद्दल लिहिलं. अचानक भास, किंचाळणं, विचित्र हालचाली, फिट, मग शुद्ध जाणं. त्यांच्या शरीरात मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. बहुतेकींच्या अंडाशयात गाठ होती, तिथून हे सुरू झालेलं. गाठ काढली, अँटिबॉडी कमी केल्या की यातल्या बऱ्याच जणी बऱ्या होतात. विचार करा, ही लक्षणं आपल्या गावात एखाद्या विशीतल्या मुलीला झाली तर लोक काय म्हणतील? बाहेरचं आहे म्हणतील. अंगात आलंय म्हणतील. मामाला नेलं होतं तिथेच नेतील.

वॉकरबाईंच्या औषधाचं खानदानही मेंदूपर्यंत गेलं. १९७० च्या दशकात कळलं की अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूत ॲसिटिलकोलीनची यंत्रणा ढासळलेली असते. मग तोच विचार : साफ करणाऱ्याला थांबवा. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन ही औषधं त्यातून आली. आजार बरा होत नाही, पण काहींची गाडी थोडी जास्त काळ रुळावर राहते. शेजारचे आजोबा ज्या गोळ्या घेतात त्यांचं मूळ एका विषारी शेंगेत आहे, हे त्यांना माहीतही नसेल.

आणि जुन्नर?

इथे मला जरा राग येतो. जगाने मण्यारीच्या विषातून एवढं मिळवलं, पण ज्यांना मण्यार चावते त्यांना काय मिळालं? २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यातली. ऊसतोडीच्या कोपीत, ठाकरवाडीत, शेतावरच्या खोपटात, जमिनीवर झोपणारी. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ मध्ये! भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा आला मार्च २०२४ मध्ये, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून.

पण आमच्या भागात आराखड्याची वाट न बघता काम करणारी माणसं होती. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांचं नाव इथे घराघरात माहीत आहे. तीन दशकांहून जास्त काळ त्यांनी सर्पदंशाचे हजारो पेशंट बघितलेत आणि गावोगावी जाऊन, शाळांमधून, लोकांना आणि डॉक्टरांनाही शिकवलंय. आमच्या गुरुजींना मण्यार ओळखता आली, ती अशाच कुठल्यातरी व्याख्यानातून असणार असं मला वाटतं. गुरुजी आता नाहीत, विचारायचं राहून गेलं.

औषधाचं काय? आपलं अँटिव्हेनम आजही घोड्याच्या रक्तातून येतं, मूळ पद्धत १८९० च्या दशकातली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांवर ते चालतं. पण त्यासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं आणि प्रदेशाप्रमाणे एकाच सापाचं विष बदलतं. म्हणजे टेस्टिंग एका सर्व्हरवर आणि लाइव्ह दुसऱ्यावर, अशी गत. नवं काम सुरू आहे. बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने परदेशी सहकाऱ्यांबरोबर २०२४ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेली एक अँटिबॉडी मांडली, जी नाग, मण्यार, मांबा यांच्यातल्या एका जातीच्या विषाला उंदरांमध्ये रोखते. जानेवारी २०२५ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या गटाने एआयने डिझाइन केलेली प्रथिनं त्याच जातीच्या विषावर उंदरांमध्ये यशस्वी करून दाखवली. मी रोज एआयला कोड लिहायला सांगतो, इथे एआयने उतारा लिहिला! पण लक्षात घ्या, हे डिशवरच्या ताडपत्रीवरचं उत्तर आहे. मण्यार जी दुसरी बाजू मोडते, तिच्यासाठी गोळीच्या रूपात देता येईल असं वारेस्प्लाडिब नावाचं औषध तपासलं जातंय. भारतातही चाचणी झाली. अजून निर्णायक यश नाही.

म्हणून आज, या पावसाळ्यात, तुमच्या हातात जे आहे तेच खरं. जमिनीवर झोपू नका, आणि झोपावंच लागलं तर मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. पहाटे कुणाच्या पोटात दुखून पापण्या पडायला लागल्या, गिळता येईना, तर खूण शोधत बसू नका, मण्यार धरूनच चला. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हातपाय हलवू न देता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल गाठा. आणि कुणी व्हेंटिलेटरवर असेल, तर त्याच्या उशाशी बैलजोडीचं बोलू नका.

संध्याकाळी कुणाची पापणी पडत असेल, दमायला होत असेल, तर "वय झालं" म्हणू नका. फोन काढा, जुने फोटो बघा.

गेल्या दिवाळीत मामा आमच्याकडे आला होता. आईची गोळीची वेळ झाली, मी डबी काढून दिली आणि दोघांना ही सगळी गोष्ट सांगितली. मण्यारीची, माशाची, सशांची. मामा बराच वेळ गप्प होता. मग आईला म्हणाला, "म्हणजे माझी मण्यार तुला उपयोगी पडली म्हणायची." आई म्हणाली, "उपयोगी कसली मेली. तुझ्या त्या सहा दिवसांत मी कितींदा मेले, ते तुझ्या सापाला विचार."

चला, इथेच थांबतो. तुमच्या घरात, गावात असं काही घडलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. आणि हा भाग एका अशा माणसाला फॉरवर्ड करा, जो आज रात्री शेतावर झोपायला जाणार आहे. भेटू पुढच्या भागात.